कंपनीच्या वेगापुढे

तळेगावच्या कॉम्प्युटरच्या दुकानात एक मुलगी माझ्या शेजारी हेल्मेट काखेत धरून उभी होती. स्वतः जोडलेला कॉम्प्युटर कंपनीने ठरवलेल्या वेगापुढे पळवायचा, म्हणून रॅम घ्यायला आली होती. दुकानदाराने रॅमच्या दोन सुट्या पट्ट्या काढल्या. सोनेरी टोकांना बोट न लावता तिने त्या न्याहाळल्या आणि परत सरकवल्या.

"एकाच खोक्यातली जोडी द्या. आमच्याकडं शर्यतीचे बैल हायत. एक जरी मागं राहिला, तर गाडा त्याच्याच चालीनं जातो."

"कॉम्प्युटर किती पळवणार?" मी विचारलं.

"बंद पडेस्तोवर. मग एक पायरी खाली."

"बंद पडायची भीती नाही वाटत?"

"पडल्याबिगर कसं कळणार, कुटवर पळतोय ते?"

जोडी घेऊन ती इंदुरीच्या रस्त्याला लागली. माझा कॉम्प्युटर अजून कंपनीने ठरवलेल्या वेगानेच चालतो. मीही.