माशांच्या टाकीचा कोड

कोड मला कुणी शिकवला नाही. कॉलेजात शिकवला म्हणे, पण तिथे आम्ही फळ्यावरचं वहीत उतरवलं आणि वहीतलं पेपरात. मी खरी शिकले ती नेटवर शोधून. अडलं की चार शब्द टाकायचे, कुठल्यातरी परक्या माणसाचं उत्तर उघडायचं, चौकटीतला सगळा कोड उचलायचा आणि आपल्यात चिकटवायचा. चाललं तर चाललं! का चाललं, हे विचारायला वेळ कुणाला होता?

आमचा मळा कोल्हारजवळ. चहूकडे ऊस, आणि उसात बिबट्या. शेतीला लाईट रात्रीचीच असायची त्या आठवड्यात आप्पा, म्हणजे माझे वडील, बॅटरी घेऊन मोटर चालू करायला निघाले की आईचा जीव टांगणीला लागायचा. म्हणून मी मोबाईलवरून मोटर चालू-बंद करणारं यंत्र बनवलं. तळहाताएवढा बोर्ड, त्यात माझा कोड. माझा कसला, उचललेलाच! लाईट जाऊन आली की मोटर आपली आपण सुरू व्हायची. आम्ही म्हणायचो, वा, काय हुशार आहे! आप्पा तर पारावर सांगत सुटले, "आमच्या पोरीनं बिबट्याला घरी बसवलं."

एका दुपारी पाणी तुटक तुटक यायला लागलं. विहिरीतल्या पाणबुडी मोटरच्या केबलचा जोड सुटत आलाय, असं आप्पा म्हणाले. मी मोबाईलवर मोटर बंद केली. तेवढ्यात लाईटही गेली. तारेवर फांदी पडली होती, आणि वायरमनने फोनवर सांगितलं की आता लवकर काही येत नाही.

"बंद हाय न्हवं गं?" जोड बांधायला विहिरीवर निघताना आप्पांनी विचारलं.

"बंद म्हणजे बंद. जा बिनघोर," मी म्हणाले. मानसुद्धा वर केली नाही.

आई बाजाराला गेली होती. मी पडवीत बसून ते जुनं उत्तर पुन्हा उघडलं. 'मोटर बंद' असा मेसेज यंत्र दोनदा पाठवायचं, तेवढंच दुरुस्त करायचं होतं. चौकटीच्या खाली मी आजवर कधी गेलेच नव्हते, त्या दिवशी गेले. उत्तर देणाऱ्याने तो कोड माशांच्या टाकीवरचा दिवा लावायला लिहिला होता. खाली एकाने तक्रार केली होती, मी दिवा बंद करून ठेवला होता, तरी वीज जाऊन आली की हा आपोआप लागतो. त्यावर उत्तरवाला म्हणत होता, हो, बोर्ड नव्याने सुरू झाला की आधीचं सगळं विसरतो आणि थेट 'चालू' करतो. माशांना काय फरक पडतो?

आप्पा त्या वेळी विहिरीत कमरेएवढ्या पाण्यात उभे होते, उघड्या तारा हातात धरून.

फोन लावला. वाजत राहिला. सदऱ्याबरोबर काठावर काढून ठेवला असणार. मेलं ते यंत्र आणि मेली माझी अक्कल! धावत सुटले. मध्ये उसाच्या रानाचे दोन तुकडे, वाळलेलं पाचट पायात अडकतंय, चप्पल कुठे सुटली ठाऊक नाही. ओरडावं तर दम नाही. तोंडात एकच, येऊ नको बाई, लाईट, येऊ नको. जन्मभर लाईट ये, लाईट ये म्हणून बोंबलणारी माणसं आम्ही.

विहिरीवर पोचले आणि आधी पेटी उघडली. पहिला फ्यूज निघाला. दुसरा निघाला. तिसरा गंजून बसलेला, हलेचना. पेटीच्या खांबाला पाय लावून ओढला, तसा तो हातात आला आणि मी उताणी पडले. पडल्या पडल्याच शेजारच्या विहिरीवरची मोटर गुरगुरलेली ऐकली. आमच्या बोर्डाची तार फ्यूजच्या आधीच जोडलेली, त्यावरचा लाल दिवा लागला. मग आतून 'टिक' असा आवाज आला. मोटर चालू करतानाचा तो आवाज. मी कौतुकानं किती वेळा ऐकवला होता लोकांना!

"कोन हाय वर? तू हाईस व्हय?" खालून आप्पा म्हणाले. "लाईट आली वाटतं. येऊ दे, येऊ दे. आपली बंद हाय."

आणि जोडावर गुंडाळायचा टेप ओढल्याचा कर्रर्र आवाज.

मी काठावरून वाकले. "आप्पा, बंद नाहीये ती. यंत्रानं आत्ता चालू केली. मीच चुकले हो. फ्यूज काढलेत मी, माझ्या हातात आहेत."

खाली सगळं थांबलं. आप्पांनी वर बघितलं. हात तसेच, तारा तशाच. मला वाटलं, आता शिव्या बसणार, आता वर येऊन कानाखाली वाजवणार. चाललं असतं मला.

"समदे काढलेस?"

"तिन्ही."

"मग धरून ऱ्हा," ते म्हणाले, आणि मान खाली घालून पुन्हा टेप गुंडाळायला लागले.