द्राक्षमळ्याचं प्रात्यक्षिक

कळसच्या सर्जेतात्यांकडे चहाला गेलं की आधी भिंत बघावी लागते. त्या भिंतीवर देव कमी आणि सर्टिफिकिटं जास्त. माती परीक्षण, मधमाशीपालन, रेशीम उद्योग, पंचायत राज, झालंच तर प्रथमोपचार. मधमाश्या पहिल्याच उन्हाळ्यात उडून गेल्या. रेशमाचे किडे मुंग्यांनी खाल्ले. प्रथमोपचाराचं नाव काढलं की त्यांची सून राजेश्वरी पदर तोंडाला लावते, कारण तिचा हात भाजला तेव्हा तात्यांनी पाण्याआधी पुस्तक आणलं आणि अनुक्रमणिका चाळत बसले. पण चौकटी सगळ्या शाबूत आहेत आणि दर दिवाळीला पुसल्या जातात.

माणूस वाईट नाही. साठी उलटली तरी बागेत स्वतः उभा राहतो, व्यसन नाही, कुणाच्या अध्यात मध्यात नाही. एकच खोड, घड्याळ. साडेआठला बाई बागेत दिसली नाही की निम्मी हजेरी, म्हणजे निम्मीच मजुरी. मग ती पावणेनऊला आली काय नि दहाला आली काय. टोळीत सात बायका, त्यांतल्या सहा वेळेवर. सातवी म्हाळसा रोज दहाला यायची आणि रोज निम्म्या हजेरीवर जायची. का उशीर होतो हे तात्यांनी तिला कधी विचारलं नव्हतं. विचारलं की सवलत द्यावी लागते, असं त्यांचं मत.

आता असा माणूस बायबल शिकायला कसा गेला? तर दीपकमुळे. दीपकचं बारामतीत फवारणीच्या औषधांचं दुकान आहे, आणि गिऱ्हाइकाला बाटलीबरोबर ज्ञान फुकट द्यायची त्याला सवय आहे. तो एकदा बोलून गेला की बायबलमध्ये जिकडंतिकडं द्राक्षं, अंजीर आणि डाळिंबच आहेत. तात्यांनी कान टवकारले. हे तर आपल्याच तालुक्याचं पीकपाणी. दोन हजार वर्षांपूर्वीच्या बागाईतदारांनी काहीतरी युक्ती लिहून ठेवली असणार, आणि ती अजून शेजारच्या बोरी गावच्या द्राक्षवाल्यांच्या हाती लागलेली नाही. त्याच आठवड्यात त्यांना एका कॉलेजच्या फलकावर विद्यापीठाच्या निरंतर शिक्षण विभागाची सूचना दिसली. ख्रिस्ती धर्म आणि बायबल परिचय, दर रविवारी, वयाची अट नाही, शेवटी प्रमाणपत्र. प्रमाणपत्र हा शब्द वाचल्यावर तात्या थांबणं शक्यच नव्हतं. माझंही नाव त्यांनी परस्पर घातलं. मी रिटायर्ड मास्तर, मला दुसरं काम काय, आणि मोटारसायकलवर मागे बसून ऐकणारं कुणीतरी हवं.

गावात कुजबुज झाली, तात्या बाटणार म्हणून. पण ती फार टिकली नाही. ज्या माणसाला पाटपाण्यावरून ठिबकवर आणताना कृषी सहायकाचे केस पिकले, तो धर्म काय बदलणार, असं पारावर ठरलं आणि विषय मिटला.

शिकवायला वैदेही मॅडम होत्या, इतिहासाच्या प्राध्यापिका, अत्यंत सोशिक. दुसऱ्याच रविवारी धडा निघाला की जी फांदी फळ देत नाही ती माळी काढून टाकतो आणि जी देते ती छाटतो. तात्यांनी हात वर केला आणि विचारलं, ही एप्रिलची खरड छाटणी म्हणायची का ऑक्टोबरची फळछाटणी? मॅडम म्हणाल्या की हे रूपक आहे. तात्यांनी मान डोलावली आणि माझ्या कानात सांगितलं की बाईंना माहीत नाही. अंजिराच्या झाडाला फळ नाही म्हणून ते वाळून गेलं, हे ऐकून त्यांनी बहराचा हंगाम विचारला. हंगाम नव्हता, असं पुस्तकातच लिहिलंय म्हटल्यावर ते त्या झाडाच्या बाजूने तासभर भांडले. खरं सांगतो, त्या दिवशी मला ते फार आवडले.

पण प्रमाणपत्रासाठी एक अट होती. शिकलेली एक तरी शिकवण स्वतःच्या आयुष्यात आचरून बघायची आणि त्याचा अहवाल वर्गात वाचायचा. अहवाल नाही तर सर्टिफिकीट नाही. तात्यांची झोप उडाली. भिंतीवर मधोमध जागा मोकळी करून ठेवली होती, खिळासुद्धा ठोकला होता.

आधी त्यांनी शेजाऱ्यावर प्रेम करायचं बघितलं. पण शेजारी रणजित, आणि त्याने बांध कोरलेला. हे शेजाऱ्यांबद्दल आहे, बांध कोरणाऱ्यांबद्दल नाही, असं तात्यांचं म्हणणं. मॅडम म्हणाल्या, मग शत्रूवर प्रेम करा असंही आहे. तात्यांनी पान उलटलं. एका गालावर मारलं तर दुसरा पुढे करावा, हे कळसमध्ये करून बघणं धोक्याचं, लोक खरंच मारतील. शेवटी त्यांना द्राक्षमळ्याच्या मालकाची गोष्ट सापडली. तो मालक सकाळी मजूर लावतो, मग दुपारी लावतो, अगदी दिवस बुडायच्या वेळेलाही लावतो. संध्याकाळी शेवटच्यांना आधी बोलावून सगळ्यांना सारखीच पुरी मजुरी देतो. सकाळपासून राबलेले कुरकुरतात. मालक त्यांना विचारतो, माझ्या मनाने मी दिलं तर तुमच्या पोटात का दुखतं? तात्या खूश झाले. मळा होता, मजूर होते, मालक तर होताच, आणि सगळं एका दिवसात उरकणार होतं.

विरळणी चालू होती. घडातले दाट मणी कात्रीने काढायचे, म्हणजे राहिलेले फुगतात. ऐन गडबडीचे दिवस, पण तात्यांनी मुहूर्त धरला. बागेच्या तोंडाला फ्लेक्स लागला. त्यावर तात्यांचा हात जोडलेला फोटो आणि खाली 'बायबलमधील द्राक्षमळा : भव्य प्रात्यक्षिक'. मॅडमना निमंत्रण होतं, पण त्यांची परीक्षेची ड्युटी निघाली. दीपक आला, कारण खुर्च्या त्याच्याच दुकानाच्या होत्या.

दुपारी तात्या पुस्तकाप्रमाणे रिकामे उभे असलेले मजूर आणायला मोटारसायकल घेऊन एसटीच्या थांब्यावर गेले. रिकामे भरपूर होते, पण बागेत यायला एकही तयार नव्हता. मग उशिरा येणारी एकटी म्हाळसाच उरली. तिला त्यांनी आदल्या दिवशीच बजावलं होतं, उद्या चारच्या आत कामाला लागायचं नाही. ती बिचारी घाबरली. इतकी वर्षं उशिरावरून बोलणी खाल्ली, आता उशिरा ये म्हणतात म्हणजे काढूनच टाकणार, असं तिने धरलं. रोजच्यासारखी दहाला आली आणि कात्री मागायला लागली. तात्यांनी तिला लिंबाखाली बसवलं. तिथं ती कुणी न सांगता रिकामे क्रेट पुसत राहिली आणि अधूनमधून डोळे पुसत राहिली. मी तात्यांना म्हटलं, अहो, तिला निदान सांगा तरी. ते म्हणाले, आधी सांगितलं तर प्रात्यक्षिक बिघडतं. मला त्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, दुसऱ्या गालाचाही विचार केला.

चारला म्हाळसाने कात्री घेतली, पाचला काम थांबलं. तात्या खुर्चीत बसले आणि त्यांनी पहिलं नाव म्हाळसाचं पुकारलं. पुरी हजेरी दिली. ती हातातल्या नोटांकडे बघत उभीच राहिली. मग बाकीच्या सहा जणी आल्या, त्यांनाही तेवढीच. आता कुरकुर व्हायची होती. उत्तर पाठ होतं, सकाळपासून ते पुटपुटत होते. तात्या खुर्चीत पुढे सरकून वाट बघायला लागले.

बायका डबे आवरायला लागल्या. एकीने चप्पल शोधली. कुरकुरीचं नाव नाही.

तात्यांनी त्यांना थांबवलं. म्हणाले, ही चारला कामाला लागली, तुम्ही साडेआठला, पैसे सारखेच, कळतंय का? कळतंय, म्हणाल्या. मग वाईट नाही वाटत? नाही, म्हणाल्या. तात्यांचा पारा चढला. मजुरांनी कुरकुरायचं नाही म्हणजे पुस्तकाबाहेर जाणं झालं.

"अगं, पण कुरकुर का करत न्हाय तुमी?"

टोळीतली सगळ्यांत वडील कौसल्याबाई डब्याचं झाकण लावत होती. तिने ते पुरतं लावलं.

"कशापायी करू, तात्या? हिचा सासरा लकव्यानं पडलाय. त्याला धुऊन, खाऊ घालून ही येती. साडेआठला कशी येणार? तुमी निम्मं देता, तर शनिवारी आमी साही जणी आपल्यातलं थोडंथोडं काढून हिची हजेरी पुरी करतो. तीन सालं झाली. आज तुमी दिली, आमचं वाचलं."

दीपकने मोबाईल काढला आणि त्यात बघत बसला. तात्यांचा आवाज खाली आला.

"मला कधी बोलला न्हायसा."

"तुमी कधी इचारलं न्हाय." मग तिला त्यांची दया आली असावी. "असू द्या. दिवस बुडताना आलासा, पण आलासा. आमी तुमची बी पुरी हजेरी धरतो."

बायका हसत हसत वाटेला लागल्या. म्हाळसा त्यांच्यात मध्ये चालली होती. तात्या फ्लेक्सखाली बसून राहिले आणि मी दीपकच्या खुर्च्या गोळा करायला लागलो.

पुढच्या रविवारी त्यांनी अहवाल वाचला. मळा, मजूर, हजेरी, सगळं बरोबर. आणि शेवटी म्हणे, सकाळच्या मजूर स्त्रियांनी अपेक्षेप्रमाणे कुरकुर केली, ती मी शांतपणे ऐकून घेतली व त्यांना औदार्याचं महत्त्व पटवून दिलं. वर्गाने टाळ्या वाजवल्या. मॅडम म्हणाल्या, यंदाचा सर्वांत मनापासूनचा अहवाल. मी बाक घट्ट धरून बसलो होतो.

परतताना लासुर्ण्याला चहाला थांबलो तेव्हा मी तोंड सोडलं. म्हटलं, त्या बायांच्या नावावर खोटं घालताना लाज कशी वाटली नाही? पुरी हजेरी नुसती एका दिवसाची होती ना?

ते म्हणाले की नाही, म्हाळसाला सोमवारपासून रोजच पुरी देतोय, दहाला आली तरी. मग खरं लिहायला काय झालं होतं, मी विचारलं. तात्यांनी बशीतला चहा संपवला आणि कप तिच्यावर पालथा घातला.

"मास्तर, गोष्टीत एकच मालक हाय. खरं लिवलं असतं, तर ती जागा त्या बायांची. मग त्यात मी कुठं बसलो असतो?"

मला त्यांचा राग आला होता, तो तिथंच विरला. चहाचे पैसे मी दिले.