गाडीवर कोण कोण बसतं?

मातायो,

तुझी सून फोनवर म्हणाली, पपा दिवसभर खिडकीशी बसतात. मुलांनी विचारलं, आजोबा तुम्ही काय करायचात, तर म्हणतात, चेन बघायचो. मुलांना वाटलं, गळ्यातली. म्हणून मीच लिहायला बसले. तुझ्या लेकाने, तुताईने, मुलांना हे वाचून दाखवावं. तूही ऐक, नाहीतर ऐकू नकोस, तुझी मर्जी.

आपल्या गावात, तितिकावेकात, तुझं गॅरेज म्हणजे नीरफणसाखाली ठोकलेले चार पत्रे. रस्त्याच्या पलीकडे समुद्र. आपल्या बेटावर मोटरसायकलचं इंजिन टिकतं, चेन टिकत नाही. खारा वारा तिला गंजवतो, पोवळ्याची बारीक वाळू तिला खाते, आणि उरलेलं काम आपली माणसं करतात. चेन करकरली की घरातलं खोबरेल ओततात. तेही तिआरेची फुलं घालून केलेलं, डोक्याला लावायचं.

"मामा पोको, ही गाडी लग्नाला निघालीय का?" तू नाक खाली नेऊन विचारायचास. (मुलांनो, इथे वयस्कर बाईला मामा म्हणतात.)

"आवाज तर बंद झाला की नाही?"

"झाला. आता वेणी घालून देतो."

"जास्त बोलू नकोस. तेल माझं आहे, वाळू तुझ्या दारची."

मग तू ती चेन रॉकेलने धुवायचास, फडक्याने कोरडी करायचास आणि जाड तेल आतल्या बाजूने सोडायचास, चाक हाताने फिरवत. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, म्हणून चाक सावकाश फिरवून ती सगळ्यात जास्त कुठे ताणली जाते ते शोधायचास. एक्सलचा नट सैल करायचास. पण घट्ट करण्याआधी प्रत्येकाला तोच प्रश्न.

"गाडीवर कोण कोण बसतं?"

दुसरे मेकॅनिक गाडी स्टँडवर लावूनच चेन किती सैल आहे ते बघतात. तू कधीच नाही. माणसं बसली की गाडी खाली दबते, मागचं चाक वर सरकतं आणि चेन ताणली जाते. रिकाम्या गाडीवर बरोबर वाटलेली चेन भरल्या गाडीवर तुटायला येते. म्हणून मामा पोको, तिचा नवरा आणि मध्ये तारोच्या कंदांचं पोतं, सगळे तुझ्या झाडाखाली गाडीवर चढून बसायचे, आणि तू खाली मांडी घालून चेन बोटाने उचलून बघायचास.

"पोट आत घेऊ नका. वजन खोटं येतं."

"मातायो, तुझी मेहुणी हसतेय बघ आम्हाला."

"मास्तरीण आहे ती. तिला सुट्टीतही हसायला पगार मिळतो."

तुझ्या स्वतःच्या गाडीची चेन तू तेपायरुला मागे बसवून लावायचास. माझी बहीण काही हलकी नव्हती.

ती गेली. तिला अंगणातच पुरलं, सगळ्यांसारखं, आणि तू गाडी तिच्या शेजारी लावू लागलास. मी वाट बघत होते तुझ्या रडण्याची. तू रडला नाहीस. सोमवारी झाडाखाली पाना घेऊन हजर. खरं सांगायचं तर मलाही काही वाटत नव्हतं. मी पातेली घासत होते, तारोच्या पानांचा रुकाऊ शिजवत होते, शेजारणींना बरं म्हणत होते.

दफनाला आलेल्या तुताईने परत जाण्यापूर्वी बजावलं, "पपा, गाडीवरून एकदा जरी पडलात तर मी तुम्हाला ऑकलंडला नेणार. मग वाद चालणार नाही."

"बरं," तू म्हणालास.

तुला जायचं नव्हतं. जो माणूस बायकोला सोडून शेजारच्या मांगाइया बेटावर दोन दिवस राहिला नाही, तो तिला अंगणात ठेवून विमानात बसेल? पण तू "बरं" म्हणालास, कारण त्या दिवसांत तू सगळ्यालाच बरं म्हणत होतास.

पुढे तुझी गाडी लांबूनच ओळखू यायला लागली. खटखट, खटखट. चेन कव्हरवर आपटत होती. दोघांच्या वजनावर लावलेली चेन, बसणारा एक. लोकांच्या चेनी तू करत होतास आणि स्वतःची तशीच. मी शेवटी येऊन उभी राहिले.

"निसटली तर चाकात अडकेल."

"हो."

"मग घट्ट कर."

तू गाडीकडे बघत राहिलास.

"कोण कोण बसतं गाडीवर?" मी विचारलं. मला वाटलं, हसशील.

तू फडक्याने मागची सीट पुसलीस. मग म्हणालास, "माहीत नाही."

मला राग आला. मी म्हटलं, मी बसते मागे, लाव. तू खाली वाकून मागच्या दातेरी चाकावरून चेन ओढून बघितलीस. ती चांगलीच उचलली गेली. पार झिजलेली, आणखी घट्ट करायला जागाच नव्हती. "नवी मागवलीय," म्हणालास. "बोटीने येतेय. तेपायरु असताना मागवली होती."

"आली की जाऊ अवातिउ बंदरावर. दोघं," मी म्हटलं.

"बरं."

बोट आली. शुक्रवारी सकाळी गोदामात जायचं ठरलं. तू मला घ्यायला येणार, मी मागे बसून जाणार, येताना ताजा मासा घ्यायचा.

बुधवारी न्गातांगियाच्या वळणावर चेन निसटली. मागचं चाक जाम झालं आणि तू जास्वंदीच्या कुंपणात गेलास. गळ्याजवळचं हाड मोडलं, बाकी खरचटलं. कुंपणवाल्या बाईने आधी झाडं मोजली, मग तुला उचललं. तुताई पुढच्याच विमानाने आला. भांडला नाही, बॅग भरली.

विमानतळावर सगळ्यांनी तुझ्या गळ्यात फुलं घातली, कानापर्यंत. मी विचारलं, "शुक्रवारचं काय?"

"कुठला शुक्रवार?" तू म्हणालास.

तुताईने तुझा हात धरला आणि तू गेलास.

अवातिउच्या गोदामातला माणूस मला चर्चबाहेर भेटतो. "मामा नूरोआ, मातायोच्या चेनचं खोकं पडून आहे. तुम्ही सही करून नेलंत तरी चालेल." मी म्हणते, बघू.

मी अजून गेलेले नाही.

नूरोआ