उजवा पाय

सेलिन, हे वाचून तू फोन आपटणार, तर आपट. तोंडावर बोललं की तू चहा टाकायला उठतेस, म्हणून लिहितेय. तुझी गोष्ट परक्या बाईची असल्यासारखी सांगते. त्यात मीही येते, रेवती म्हणून. ऐक.

अंधेरीच्या एका जुन्या गावठाणात सेलिन मिरांडा राहते. शाळेतली नोकरी संपली आणि तिनं दुसऱ्यांचे पाय हातात घेतले. शेजारचा धाकू अंथरुणाला खिळलेला, सून नाक मुरडते, म्हणून रोज सकाळी ही कोमट पाण्याची बादली घेऊन हजर. पाय धुवायचे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, नखं कापायची.

"सेलिनबाय, पुढच्या जन्मी मी तुझे धुवीन," धाकू म्हणतो.

"आमच्यात पुढचा जन्म नसतो. गप पड."

यंदा पवित्र गुरुवारी चर्चनं तिला बारा जणांत घेतलं. येशूनं शेवटच्या जेवणाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, म्हणून त्या संध्याकाळी फादर गुडघ्यांवर बसून बारा जणांचे पाय धुतात. त्यांच्याकडे एकच धुतात, उजवा. आणि जो तो घरूनच पाय घासून येतो! सेलिनशेजारच्या शीतलनं तर पार्लरमध्ये जाऊन नखं रंगवून घेतली होती.

सेलिनच्या उजव्या टाचेखाली जखम होती. डायबिटीसची, काही केल्या न भरणारी, मोज्यात लपवलेली. डॉक्टर म्हणणार, पायावर भार देऊ नका, घरी बसा. मग धाकूकडे कोण बघणार? हे झालं सांगायचं कारण. खरं म्हणजे दुसऱ्याच्या पायाची तिला कधी किळस आली नाही, आपल्या पायाची मात्र लाज वाटत होती.

फादर तस्त सरकवत तिच्यापुढे आले. तिनं डावा पाय पुढे केला.

"उजवा, आन्टी."

"डावा घ्या, फादर. तोही माझाच आहे."

पुढच्या बाकांवर खसखस पिकली. फादरनी डावा धुतला, मांडीवर घेऊन टॉवेलनं टिपला. इतक्या वर्षांत तिचा पाय कुणी असा हातात घेतला नव्हता. वाटलं, दुसराही द्यावा. तोवर फादर शीतलपाशी पोचले होते.

रेवती तिच्याच आमंत्रणावरून आली होती. बाकावरून तिला उजव्या मोज्यावरचा पिवळा डाग दिसला. फाटकाशी तिनं सेलिनला गाठलं.

"मोजा काढ."

"इथे? वेड लागलंय का तुला?"

"मग आत बसून काय बघितलंस गं? दुसऱ्याचे धुवायला तू सगळ्यांच्या पुढे, आणि तुझे कुणी धुतो म्हटलं की पाय पोटाशी. याला सेवा नाही म्हणत, माज म्हणतात."

"असू दे माज. सावकाश चल, दुखतंय."

डॉक्टरचं नाव काढू देईना. म्हणून ईस्टर झाल्यावर रेवती वर्तमानपत्र आणि पेन्सिल घेऊन तिच्या घरी गेली. घाटकोपरला एक कारागीर अशा पायांसाठी मऊ तळाच्या चपला करतो, त्याला दोन्ही पावलांचं माप हवं होतं. सेलिननं डावं पाऊल कागदावर ठेवलं. रेवतीनं खाली बसून, स्वतःच्या गुडघ्यांना शिव्या देत, भोवती रेघ ओढली.

"आता दुसरा."

पलीकडून धाकूनं हाक मारली. सेलिननं बादली उचलली.

"उजवा उद्या," ती म्हणाली, आणि लंगडत गेली.

कागद रेवतीच्या कपाटावर पडून आहे, एका पावलाचा. घाटकोपरला जायचं राहिलंय.