पहिल्या रविवारचा फोटो

आमच्या इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकांना सगळे दातवाले म्हणतात. ते दातांचे डॉक्टर नाहीत. दवाखान्याच्या मागे एक अरुंद खोली होती, तिथे बसून त्यांनी चाळीस वर्षं लोकांच्या कवळ्या बनवल्या. पेशंट तोंड उघडायचा तो डॉक्टरांसमोर. काकांकडे यायचा तो त्याच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा. रस्त्यात कुणी खळखळून हसलं की काका थबकतात आणि हळूच म्हणतात, "वरचे चार माझे." दाताच्या पांढऱ्या रंगाच्या सोळा छटा त्यांना नुसत्या नजरेने ओळखता येतात. आपल्याला काय, पांढरा तो पांढरा.

हे आधीच सांगून ठेवते, कारण अशा माणसाला मी आठ महिने फसवत होते, आणि ते खपून गेलं असं समजत होते.

मी बस आगारात चौकशीच्या खिडकीवर बसते. गाडी कधी येईल, असं कुणी विचारलं की मी सांगते, पाच मिनिटांत. गाडी कुठे अडकली आहे हे मला ठाऊक असतंच असं नाही. पण पाच मिनिटं म्हटलं की माणूस बाकावर जाऊन बसतो आणि माझा चहा गार होत नाही. वीस वर्षांत जिभेला अशी सवय लागली आहे की खोटं बोलताना ती अडखळतसुद्धा नाही.

काकांच्या गच्चीत सात बोन्साय होते. पसरट कुंड्यांमधले वड, चिंच, एक उंबर, असे सहा काकांनी वाढवलेले. सातवं डाळिंब काकूंचं. काकूंनी सव्वीस वर्षांपूर्वी खाल्लेल्या फळाचा एक दाणा मातीत खोचला होता, त्याचं हे गुडघ्याएवढं झाड. माझं पहिलं बाळंतपण ज्यांनी निभावून नेलं त्या याच काकू. त्या जाऊन तीन वर्षं झाली. काका त्यांच्याबद्दल फारसं बोलत नाहीत, पण रोज सकाळी डाळिंबापाशी स्टूल टाकून बसायचे.

गेल्या वर्षी श्रावण संपता संपता ते गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे गेले. जाताना गच्चीची किल्ली माझ्या हातात ठेवली. दोन महिन्यांचा प्रश्न आहे, रोज पाणी घाल, बाकी काही करू नकोस, म्हणाले. थंडी सरली की कुंड्यांची माती बदलायची आहे, तोवर मी येतोच. मी म्हटलं, काका, अजिबात काळजी करू नका.

पहिला महिना मी इमानेइतबारे वर गेले. एका सकाळी डाळिंबाला तांबूस पालवी आणि एक लाल कळी आली होती, तेव्हा हौसेने सातही झाडांचे चाळीसेक फोटो काढले. त्या महिन्यापासून दर पहिल्या रविवारी काकांचा मेसेज यायला लागला: "फोटो पाठव. आणि वर गेलीस की सगळ्यांना एक एक मग पाणी जास्त घाल." मी त्या चाळिसांतले दोन पाठवले. उत्तर आलं, "छान. आभारी आहे."

पुढच्या महिन्यात माझा पाय मुरगळला. तो आठवड्यात बरा झाला, पण वर न जाण्याची सवय बरी झाली नाही. कारण विचाराल तर कारण नाही. आज राहिलं, उद्या जाऊ, एवढंच. पहिला रविवार आला की मी पलंगावर पडल्या पडल्या जुन्या फोटोंतले दोन निवडायची. सुंठीवाचून खोकला गेला, असं वाटायचं. काकांचा दुसरा गुडघाही करायचा ठरला आणि दोनाचे नऊ महिने झाले. आमच्या ह्यांनी एकदा विचारलं, वर जातेस ना? त्यांनाही मी हो म्हटलं.

काका चार दिवसांनी येतायत असा फोन आला, तेव्हा मी बादली घेऊन धावत वर गेले. ऐन कडक उन्हाळा. चार झाडांच्या नुसत्या काटक्या उरल्या होत्या. गच्चीवरची टाकी भरून वाहते त्या कोपऱ्यातली दोन अर्धमेली होती. तिथल्याच डाळिंबाला बोटावर मोजण्याइतकी पानं होती, तीही कडेने जळलेली. पाणी घातलं तर ते मातीवर तसंच उभं राहिलं आणि कडेने वाहून गेलं. माती दगड झाली होती. मग मी काय केलं? वाळलेली पानं खुडली, गच्ची झाडली, कुंड्या ओल्या फडक्याने पुसल्या. लाज वाटायची ती मला तेव्हाही वाटली नाही. पकडले जाऊ याची भीती तेवढी वाटली.

काका काठी टेकत गच्चीत आले. मी आधीच सुरू केलं की यंदा ऊन फार होतं, काका. ते एकेका कुंडीत अंगठा दाबत गेले आणि डाळिंबापाशी थांबले. टब भरून आण, म्हणाले.

हा कुंडी बदलायचा महिना नव्हे, हे त्यांनीच सांगितलं. भर उन्हात मुळांना धक्का लागला तर झाड पाणी ओढू शकत नाही. पण थांबायचं म्हटलं तर पुढची थंडी सरेपर्यंत, आणि या मातीत ते महिनाभरही टिकणार नव्हतं. इकडे आड तिकडे विहीर. त्यांनी अख्खी कुंडी टबात बुडवली आणि बुडबुडे थांबेपर्यंत दाबून धरली.

झाड बाहेर निघालं ते कुंडीच्याच आकाराचं. आत माती जवळपास नव्हतीच, नुसती एकमेकींत गुंतलेली मुळं. काकांनी कवळ्यांसाठी मेण कोरायची त्यांची जुनी सुरी काढली. मला बुंधा धरायला सांगितला. फक्त बाहेरची मुळं ते हळूहळू सोडवत होते आणि काळी, ठिसूळ तेवढीच कापत होते. तळाशी, पाणी जायच्या भोकावर, फुटक्या कपाचा एक तुकडा होता, निळ्या रेघेचा. तो हातात घेऊन ते थांबले.

"हा तिने ठेवला होता," काका म्हणाले. "ती गेल्यापासून मी माती बदलली नाही. दोनदा थंडी सरली, तरी हिंमत झाली नाही. सगळा दोष तुझा नाही."

ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या मुलीला पहिली आंघोळ घालणाऱ्या बाईचं झाड माझ्या हातात होतं आणि हा माणूस मलाच सांभाळून घेत होता.

"काका, ते फोटो..." माझ्या तोंडून निघालं.

"पहिल्या महिन्यातले. माहीत आहे." त्यांनी मान वर केली नाही. "थंडीत डाळिंबाची पानं झडतात. तू कळी पाठवलीस."

म्हणजे थंडीपासून त्यांना ठाऊक होतं. तरी प्रत्येक वेळी छान, आभारी आहे.

"मग दुसऱ्या कुणाला किल्ली द्यायला का नाही सांगितलंत?"

काकांनी कपाचा तुकडा धुऊन नव्या, जराशा मोठ्या कुंडीच्या भोकावर ठेवला. वर भरड माती पसरली, झाड बसवलं, हलू नये म्हणून तारेने बांधलं. मगच बोलले.

"सांगितलं असतं तर अख्ख्या इमारतीत तुझा बोभाटा झाला असता. राग आला होता, खोटं नाही सांगत. पण ती असती तर तिने तो बोभाटा नसता होऊ दिला."

"आणि फोटो? ते तरी कशाला मागत राहिलात?"

"वाटलं, फोटो मागितला तर निदान त्या दिवशी तरी तू वर जाशील."

मी जिन्यात येऊन रडले. घरी जाऊन ह्यांना सगळं सांगितलं.

महिन्याभराने काकांना गुडघे दाखवायला पुन्हा लेकीकडे जावं लागलं, सहा आठवड्यांसाठी. चार कुंड्या रिकाम्या झाल्या होत्या. डाळिंबाची उरलेली पानंही गळून गेली होती. काकांनी किल्ली माझ्यासमोर धरली तेव्हा माझा हात पुढे होईना. त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि म्हणाले, या वेळी फोटो नकोत.

मी रोज वर जाते. पहिल्या रविवारी मेसेज आला नाही, फोन आला. डाळिंब काय म्हणतंय, विचारलं. फुटलंय, काका, हे शब्द अगदी जिभेवर होते. खिडकीवरची जीभ ती.

"एकही पान नाही, काका," मी म्हटलं. "नखाने खरवडून बघितलं, खाली थोडंसं हिरवं दिसतं. जगेल की नाही, मला माहीत नाही."



"म्हणजे आज वर गेली होतीस," काका म्हणाले.