माणूस येईल तिथे

मास्तर माणसाचे तोंड नंतर बघायचे, आधी पाय. पहिल्या भेटीत त्यांनी माझे नावही विचारले नाही. "डावा बूट बाहेरच्या अंगाला झिजलाय तुझा," म्हणाले, "पाठ दुखते का?" पाठ दुखत होतीच. रियाधमधल्या बँकेच्या ऑफिसात दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्याचे दुसरे काय दुखणार! सगळे त्यांना मास्तर म्हणायचे, पण ते तिथल्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होते. मूळचे सांगलीकडचे, तरुणपणी खो-खो गाजवलेले, आणि एकवीस वर्षे या शहरात एकटे राहिलेले.

आमची गाठ अमेरिकन फुटबॉलमुळे पडली, हे आमच्या नाशकात सांगितले तर लोक हसतील. ऑफिसातल्या मार्क नावाच्या अमेरिकन सल्लागाराने शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी खेळायला एक संघ जमवला होता. टीव्हीवर दिसतो तसला धडकाधडकीचा खेळ नव्हे. कमरेला लावलेली पट्टी ओढली की गडी थांबला, एवढेच. क्रिकेटमध्ये सीमारेषेवरून माझा थ्रो बरा होता, तेवढ्या भांडवलावर मार्कने मला क्वार्टरबॅक केले. म्हणजे प्रत्येक चालीत चेंडू आधी माझ्या हातात येणार, आणि पळणाऱ्या गड्यांपैकी एकाला तो मी फेकून देणार. मी तो बहुतेक वेळा समोरच्या संघाला दिला. चार सामने आम्ही असेच घालवले.

मग आमचे आक्रमण कसे सुधारायचे, यावर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्रबंध येऊ लागले. मार्क बाणांच्या आकृत्या पाठवायचा. एक म्हणे चाली कमी करा, दुसरा म्हणे उभे राहायची रचना बदला, आणि सगळ्यांच्या मनात होते की क्वार्टरबॅकच बदला. मार्कनेही जवळजवळ तेच ठरवले होते. ते मला फार लागले. बायको आणि चार वर्षांचा ओजस नाशकात होते, आणि आठवडाभरात कुणीतरी माझी वाट बघते असे ते मैदान हे एकच ठिकाण होते. तेही गेले तर शुक्रवारचे काय करायचे, हे मला खरोखर कळत नव्हते.

मास्तर संघात होते ते मलमपट्टीपुरते. बर्फाची पेटी घेऊन कडेला बसायचे आणि सगळ्यांचे पाय बघायचे. त्या आठवड्यात मात्र ते उठून मार्ककडे गेले आणि माझ्यासाठी दोन शुक्रवार मागून घेतले. मग मला बाजूला बोलावले.

"चेंडू धरून का बसतोस रे एवढा वेळ?"

"गडी मोकळा दिसेपर्यंत थांबतो, मास्तर."

"तिथंच खातोस मार. तुला दिसला तवर त्यांनाबी दिसतो की. खो-खोत पळणाऱ्याच्या नुसतं मागं लागलं तर तो गावतोय होय? तो कुठं वळणार ते बघून तिथल्या गड्याला खो द्यायचा. माणूस आहे तिथं फेकू नको. माणूस येईल तिथं फेक."

"पण येईल कुठे, ते कळणार कसे?"

"पाय बघ. पाय आधी वळतो, माणूस नंतर."

त्यांनी मैदानात एका जागी पाण्याची बाटली ठेवली. जोसेफ नावाचा त्यांच्याच हॉस्पिटलातला मलयाळी नर्स पळायचा. त्याचा डावा पाय तिसऱ्यांदा टेकला की चेंडू माझ्या हातातून बाटलीकडे सुटलाच पाहिजे, मग जोसेफ कुठेही असो. पहिल्या दिवशी चेंडू बाटलीपाशी पडायचे आणि जोसेफ भलतीकडेच असायचा. मास्तर रागावले नाहीत. "एकमेकांची सवय व्हायला पाहिजे," एवढेच म्हणायचे आणि पुन्हा बाटली नीट करायचे. दोन आठवडे आम्ही रोज संध्याकाळी तेच केले. पाचवा सामनाही आम्ही हरलोच, पण थोडक्यात हरलो, आणि माझा एकही चेंडू समोरच्यांच्या हाती गेला नाही. मार्कने मला ठेवून घेतले. मास्तरांनी बर्फाची पेटी उचलली आणि मला बूट बदलायला सांगितले.

बुटांचे त्यांना वेडच होते. मुलगी दोन वर्षांची असताना ते इकडे आले. सुट्टी वर्षातून एकदा. त्याआधी बायको मुलीचे पाऊल कागदावर ठेवून पेन्सिलीने गिरवायची आणि तो कागद कुणा येणाऱ्याबरोबर पाठवायची. तो खिशात घालून मास्तर जुन्या रियाधमधल्या बथ्याच्या बाजारात जायचे आणि कागदाहून अर्धे बोट मोठा बूट घ्यायचे. "पाऊल महिन्यामागचं असतंय, बूट पुढच्या वर्षाला लागतोय," हा त्यांचा हिशेब. तो कधी चुकला नाही, असे ते अभिमानाने सांगायचे. एकदा त्यांनी मला विचारले, "तुझ्या पोराचं पाऊल केवढं?" मी हवेत हाताने एक माप दाखवले. मास्तर त्या मापाकडे बघत राहिले. मला फार ओशाळल्यासारखे झाले.

साठ पुरी झाली तेव्हा ते कायमचे निघाले. सांगलीत घर बांधले होते, वरच्या मजल्यावर मुलीची खोली. "आता निवांत बोलू बापलेक," म्हणाले. विमानतळावर मी सोडायला गेलो होतो. सामानात मुलीचे पळायचे बूट होते.

महिन्याभराने मी फोन केला. मास्तर नेहमीच्या आवाजात बोलले. मुलीला आयर्लंडला शिकायला प्रवेश मिळाला होता. ते घरी पोचले आणि दहाव्या दिवशी ती गेली.

"बूट?" मी उगाचच विचारले.

"बरोब्बर आले. पर नेले नाहीत. बॅगेत जागा नव्हती. चूक तिची नाही रे. ती चांगली पळाली. मीबी नीट फेकलं. पर आम्ही दोघांनी मिळून सराव कधी केला होता?"

पाठीची काळजी घ्या, असे काहीतरी मी त्यांनाच सांगितले आणि फोन ठेवला. मग त्याच संध्याकाळी बायकोला फोन लावला. तीन वर्षे आमचे 'पुढच्या वर्षी बघू' चालले होते. शाळा, घर, माझ्या नोकरीचा भरवसा, सगळी कारणे खरीच होती. "तुम्ही दोघं इकडे या," मी म्हटले. "अचानक काय झालं?" तिने विचारले.

पुढच्या हिवाळ्यात ती दोघे आली. पहिल्या सुट्टीच्या दिवशी मी ओजसला बथ्याला घेऊन गेलो. मी हवेत दाखवले होते त्याच्या जवळजवळ दीडपट पाऊल निघाले. दुकानदार हैदराबादचा होता. बूट चढवून त्याने अंगठा चाचपला आणि म्हणाला, "एक नंबर बड़ा ले लो साहब, बच्चे का पैर है, बढ़ेगा."

मी त्याला म्हटले, नको. आज जेवढा आहे, तेवढ्याच मापाचा दे.