इंजिनात पडलेलं लॉक

मार्केट यार्डाच्या मागे आमचं ट्रकचं गॅरेज होतं, माझं आणि दादाचं. दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. त्यानं हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत बस चालवायची नोकरी धरली, तेव्हा मी त्याला तोंडावर सांगितलं, "जा खुशाल. तुझ्यावाचून माझं काही अडत नाही." तो एवढंच म्हणाला, "बघू." तेव्हापासून आमचं बोलणं बंद. पुण्यात भांडायला आरडाओरडा लागत नाही, एक शब्द पुरतो.

त्या दिवसांत जिकडेतिकडे त्या कंपन्यांचंच कौतुक. काचेच्या इमारती, थंडगार बसगाड्या, गळ्यात पट्ट्याचं कार्ड. लोकांना वाटायचं मी जळतो. जळतोय कशाला! गॅरेजात दिवसच्या दिवस तोंड उघडायची वेळ येत नव्हती, त्याचा राग होता. ड्रायव्हर येत, गाडी लावत आणि झोपायला जात. डबा उघडला की समोरचं, दादा बसायचा ते लाकडी खोकं रिकामं. मी बिनलग्नाचा, त्यामुळे घरीही तेच. दादा काही फार बोलका नव्हता, पण शिव्या घालायला तरी समोर माणूस लागतं की नाही?

एके दिवशी सकाळी कांद्याचा एक ट्रक आला. इंजिनातल्या व्हॉल्व्हची स्प्रिंग तुटली होती. ती काढायची तर दाबून धरावी लागते आणि व्हॉल्व्हच्या मानेभोवतीची दोन लॉकं काढावी लागतात. लॉक म्हणजे फुटक्या बांगडीच्या तुकड्यासारखं नखाएवढं लोखंड. शेजारीच इंजिनाच्या पोटात उतरणारी भोकं उघडी असतात, म्हणून आधी त्यांत चिंध्यांचे बोळे कोंबायचे. आमच्यात बोळे कोंबणं दादाचं काम आणि लॉक काढणं माझं. इतकी वर्षं मी हात पुढे करायचो तेव्हा भोकं बुजलेलीच असायची. त्या दिवशीही मी नेहमीसारखा हात घातला. लॉक निसटलं, आत कुठेतरी टण्ण वाजलं आणि गप्प झालं.

हात्तिच्या! पाहतो तर एकाही भोकात बोळा नाही. असणार कसा? घालणारा तिकडे साहेबलोकांना ऑफिसात सोडत होता. मी पाना आपटला आणि त्याला मनसोक्त शिव्या दिल्या. मग आरशाचा तुकडा आणि बॅटरी घेऊन भोकात डोकावलो. लॉक खाली एका कडेवर अडकून बसलं होतं. जरा धक्का लागला असता तर तळाच्या चेंबरमधल्या ऑइलात गेलं असतं. मग ट्रकखाली आडवं होऊन अख्खं चेंबर उतरवणं आलं, आणि ते एकट्याचं काम नव्हे.

कोपऱ्यावरच्या बूथवरून दादाच्या घरी फोन लावला. वहिनींनी उचलला. दादाला पाठवा, इतकं साधं म्हणायचं होतं. ते काही तोंडातून निघेना. "काही विशेष नाही. लॉक आत पडलंय, एवढं त्याच्या कानावर घाला," मी म्हणालो.

"म्हणजे काय हो भाऊजी?"

"त्याला कळेल."

"जेवायला येतील तेव्हा सांगते. संध्याकाळच्या फेरीआधी येऊन जातील," त्या म्हणाल्या. येतील का, असं मी विचारलंही नव्हतं.

परत आलो, पण हात स्वस्थ बसेनात. तारेला चुंबक बांधून आत सोडला, तर तो मेला जाईल तिथे इंजिनाच्या भिंतीलाच चिकटे. शेवटी सायकलच्या ब्रेकची वायर घेतली, टोकाला ग्रीसचा गोळा लावला आणि आरशात बघत बघत लॉकवर टेकवला. पाठीला रग लागली, घाम डोळ्यांत उतरला. मग वायर हळूच वर ओढली, तर टोकाला लॉक!

जीव भांड्यात पडला. काही अडत नाही म्हणालो होतो, ते खरं करून दाखवलं होतं. पण दाखवलं कुणाला? ट्रकचा ड्रायव्हर केबिनमध्ये घोरत होता. आता दादा येईल, फाटकातूनच विचारेल, "निघालं का?" मी म्हणेन, "निघालं." "बरं," म्हणेल आणि तिथूनच परत फिरेल. त्याचा स्वभाव मला ठाऊक. मला एकदम भडभडून आलं. लॉक गेलं खड्ड्यात, मला दादा हवा होता. घटकाभर का होईना, त्या इंजिनावर माझ्याशेजारी वाकलेला हवा होता.

मी लॉक पुन्हा वायरच्या टोकाला चिकटवलं, भोकातून खाली सोडलं आणि होतं त्याच कडेवर ठेवून दिलं.

दादा आला तो कंपनीच्या पांढऱ्या गणवेशात. "काय रे शहाण्या, बोळे कुठायत?" एवढंच म्हणाला आणि बाह्या सारून वाकला. चुंबकाभोवती प्लास्टिकची नळी चढवून नुसतं टोक उघडं ठेवायची त्याची पद्धत. मी आरसा धरला, त्यानं चुंबक सोडला. खांद्याला खांदा लागत होता. बघता बघता लॉक वर आलं. त्यानं ते बोटांवर चोळलं, उजेडात धरलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"इंजिनात ऑइल असतं. ह्याला ग्रीस कुठून लागलं?"

मी मान खाली घातली.

"गाढवा," तो हळूच म्हणाला, "नुसतं 'ये' म्हणाला असतास तरी आलो असतो."

मग त्यानं मला नवी स्प्रिंग बसवायला मदत केली, रॉकेलनं हात धुतले, बाह्या खाली केल्या. त्याला फेरीला उशीर होत होता. तो फाटकापर्यंत सावकाश चालत गेला, तिथे चप्पल झटकायच्या निमित्तानं जरा थांबलाही. मी पाने पुसत होतो. ‘परत ये’ हे दोन शब्द माझ्या अगदी ओठांवर होते. ते ओठांवर असतानाच तो रस्ता ओलांडून गेला.